‘उतरंड’ या नोंदीखाली

६ जानेवारी, सोमवार

कोंबड्या आल्या एकदाच्या! प्राणिशास्त्रवाल्यांनी चार पानं कबूल केली होती, पाठवली अकरा, आणि त्यातली निम्मी नुसती टोचण्याची. कोणती कोंबडी कुणाला टोचते, कोणती मुकाट सोसते, दाण्याशी आधी कोण. वाचता वाचता माझंच अंग चोळावंसं वाटलं. पण माणूस नीट लिहितो. एकच शंका निघाली. क टोचते ख ला, ख टोचते ग ला, इथपर्यंत ठीक. पुढच्या पानावर ग उलटून क ला टोचते! फोन केला. म्हटलं, ही चूक राहिलीय का?

"चूक नाही हो. कोंबड्यांत होतं असं कधी कधी."

मग वर कोण?

"ते कोंबड्यांना विचारा!" — आणि हसत सुटले. मला नाही हसू आलं. कोशात असलं गोल गोल चालत नाही.

आता पाचही टिपणं हातात आहेत. या खंडातली सगळ्यांत किचकट नोंद — ‘उतरंड’. (शीर्षक माझं. बाकीचे ‘श्रेणीबद्धता’वर अडून बसले होते. म्हटलं, तो शब्द उच्चारून होईपर्यंत वाचक पान उलटतो.) कल्पना एक, शास्त्रं पाच, लेखक पाच — भाषाशास्त्र, प्राणिशास्त्र, समाजशास्त्र, संगणक, गणित. पाचांची टिपणं सांधायची आणि सगळ्यांच्या डोक्यावर एकच व्याख्या बसवायची. कोंबडीला लागू पडली पाहिजे, वाक्यालाही पडली पाहिजे. हे काम माझ्याकडे. मुद्रितशोधकाकडे! हुद्दा अजून तोच आहे.

९ जानेवारी

संपादकबाईंनी आत बोलावलं. वयाने माझ्याहून बऱ्याच लहान, पण त्या बसल्या की खुर्ची मोठी दिसत नाही, हे मान्य करायला हवं.

"मास्तर, बसा." (कचेरीत सगळे मास्तर म्हणतात. शिकवलं कुणालाच नाही, चुका सगळ्यांच्या काढल्या — म्हणून.)

"ही नोंद तुम्ही बांधताय. व्याख्या तुमची, सांधे तुमचे. खाली पाच नावं येणार. सहावं तुमचं यावं असं मला वाटतं."

मी टेबलावरच्या काचेखालच्या कॅलेंडरकडे बघत राहिलो.

आमच्या कोशात प्रत्येक नोंद संपली की उजव्या कडेला, बारीक टाइपात, लेखकाचं नाव येतं. आधी आडनाव, मग स्वल्पविराम, मग आद्याक्षरं. एवढंच. पण पदवी नसलेल्याचं येत नाही. तसा नियम आहे, पहिल्या खंडापासूनचा. माझं कॉलेज दुसऱ्या वर्षाला सुटलं. जे शिकलो ते या इमारतीत, दुसऱ्यांची वाक्यं तपासत. कित्येक नोंदींचं अर्धं अंग माझं आहे, आणि खाली जे नाव आहे त्याला त्यातला अर्धविराम कुठे हवा हे कळत नव्हतं.

बाई म्हणाल्या, "मंडळापुढे मी मांडते. एकच अट ते घालतील — पाचांपैकी कुणाची हरकत नको."

कुणाची असणार?

१० जानेवारी

हिला सांगितलं. ही वॉर्डाची मुख्य सिस्टर. डबा भरता भरता ऐकून घेतलं.

"बारीक टाइप म्हणजे केवढा?"

बोटांनी दाखवलं.

"एवढ्याशासाठी काल जेवण गेलं नाही तुम्हाला?"

लेक मध्येच ओरडली, "आई गं, बाबांचं नाव छापून येणार!" पोरीला तरी किंमत आहे.

ही म्हणते, "उतरंडीचं काय एवढं? आमच्याकडे डॉक्टर वर, मी खाली, आणि आम्हा दोघांच्या डोक्यावर पेशंटची मावशी. लिहून टाका. झाली नोंद." चेष्टा. पण पेशंटची मावशी दिवसभर डोक्यातून जाईना. अधिकार निराळा, धाक निराळा! व्याख्येत दोन्ही बसले पाहिजेत.

मावसभावाला कळवलेलं नाही. छापून आलं की सरळ खंडच पाठवणार. प्राचार्य आहेत ते, डॉक्टरेटवाले. घरातल्या प्रत्येक कार्यात खांद्यावर हात ठेवून विचारतात, "काय, अजून प्रुफंच का?" तो ‘च’!

१३ जानेवारी

व्याख्या नाही झाली.

१५ जानेवारी

झाली! बसच्या रांगेत सुचली. उतरवून ठेवतो —

"उतरंड म्हणजे घटकांची अशी मांडणी, जिच्यात प्रत्येक घटक दुसऱ्या प्रत्येक घटकाच्या वर तरी असतो किंवा खाली तरी."

एक शब्द जास्त नाही. भाषावाल्यांचं वाक्याचं झाड — मूळ वर, फांद्या खाली, अख्खं झाड शीर्षासनात — बसतं. संगणकातले कप्प्यातले कप्पे बसतात. गोल फिरणाऱ्या कोंबड्या बसत नाहीत, त्यांना तळटीप.

लगेच विभागांना क्रमांक दिले. १ वाक्य. २ प्राणी, त्याखाली २.१ कळप, २.२ टोचणी, २.३ वारूळ, २.४ माणसांचे समाज. ३ संगणक. ४ गणित. जुळाऱ्याकडे दिलं. (आता तो संगणकावर जुळवतो, पण जुनं नाव चिकटलंय ते चिकटलंय.) त्याने चष्मा कपाळावर सारला.

"मास्तर, प्रोफेसरांना खुराड्यात घातलंत की हो!"

म्हटलं, माणूस प्राणी आहे की नाही?

"काही काही आहेत."

म्हटलं, मग जुळव. हे वर्गीकरण आहे, यात मान-अपमान नसतो.

प्रुफं पाचही जणांना गेली. आज किती दिवसांनी जेवणात मीठ लागलं जिभेला.

२० जानेवारी

समाजशास्त्रवाले प्राध्यापक स्वतः आले. हातात प्रुफाची सुरळी. नमस्कार नाही, काही नाही.

"बांधणी कुणाची ही?"

म्हटलं, माझी.

"मी दोन पूर्णांक चार? मुंग्यांच्या पाठोपाठ?"

शांतपणे सांगायला गेलो की हा क्रमांक विषयाला आहे, आपल्याला नाही. ऐकतात कुठे! सगळी कचेरी टाइप करायची थांबली.

"अहो, कोंबडीला टोचतात, तेव्हा तिला कुणी पटवत नाही की हे तुझ्याच भल्यासाठी आहे, हे असंच चालत आलंय. माणसाला पटवतात. आणि त्याला पटतं! मी आयुष्यभर एवढंच सांगत आलोय. ते तुम्ही एका टिंबात गाडलंत."

म्हटलं, टिंब पद्धतीला धरून आहे.

"हेच! सगळे हेच म्हणतात. वर बसलेला प्रत्येक जण म्हणतो, मी कुठे काय केलं, पद्धतच आहे."

मी — वर बसलेला! आणखी काय ऐकायचं राहिलं होतं?

मग बाईंच्या दाराशी जाऊन, आत न जाता, मोठ्याने — "ज्यांनी हे बांधलंय त्यांच्या नावाला माझी संमती नाही." गेले. सुरळी माझ्या टेबलावर. ती हळूहळू उलगडत होती, तिच्याकडे बघत बसलो.

२१ जानेवारी

मी बरोबर आहे. माणूस प्राणी आहे. यात वादाला जागा कुठे?

२२ जानेवारी

बाई म्हणाल्या, "मास्तर, एकदा जाऊन या त्यांच्याकडे."

काय म्हणू जाऊन?

"आकडा बदलला म्हणा."

म्हटलं, पटल्याशिवाय मी स्वल्पविराम हलवत नाही, बाई.

"मग नाव राहू दे." रागाने नाही म्हणाल्या, तेच जास्त लागलं. मंडळाची बैठक ६ फेब्रुवारीला. प्राध्यापक स्वतः मंडळावर आहेत, तेव्हा त्यांच्या पाठीमागून काही होण्यातलं नाही.

घरी आल्यावर हिने विचारलं, "काय झालं?" सांगितलं. "म्हणजे ते म्हणतात मी मुंगीखाली नाही, आणि तुम्ही म्हणता मी प्रोफेसरांखाली नाही. दोघांना एकाच खोलीत भरती केलं पाहिजे."

कपाटाची बिजागरी करकरत होती, तिला तेल घातलं. दोनदा.

२४ जानेवारी

गणिताच्या टिपणासाठी आजींकडे गेलो. (निवृत्त प्राध्यापिका; मनातल्या मनात मी आजीच म्हणतो, समोर बाई.) फोनवर म्हणाल्या होत्या, व्याख्येबद्दल बोलायचंय, जिना चढवत नाही, तुम्हीच या. एकट्या राहतात. स्वयंपाकघराच्या भिंतीला फळा! वर दुधाचा हिशेब, खाली कसलीशी सिद्धता. बाहीला खडू.

चहा द्यायच्या आधी माझ्या व्याख्येतला दुसरा ‘प्रत्येक’ पेन्सिलीने खोडला. माझ्या देखत! 

"प्रत्येक जण प्रत्येकाच्या वर किंवा खाली असायलाच हवा, हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

म्हटलं, त्याशिवाय उतरंड कसली?

"पूर्वजांचा क्रम घ्या. तुमची आजी वर, तिच्याखाली आई, आईखाली तुम्ही. बरोबर? आता तुम्ही आणि तुमचा मावसभाऊ. कोण वर?"

मी चमकलो. यांना कुणी सांगितलं?

म्हटलं, तो थोरला आहे माझ्याहून.

"वय हा निराळा क्रम झाला. मी पूर्वजांचा विचारतेय. तुम्ही त्याचे पूर्वज आहात?"

नाही.

"तो तुमचा?"

नाही.

"मग? ना वर, ना खाली. बरोबरीचेसुद्धा नाही, बरं का. या क्रमात तुमची तुलनाच होत नाही. अशा जोड्या असतात, भरपूर असतात. तुमच्या त्या शीर्षासनातल्या झाडात बघा, शेजारच्या दोन फांद्यांत वरची कुठली?"

ते मला दिसायला हवं होतं. मला! जे दुसऱ्याचं सुटतं ते मी पकडतो, म्हणून तर मास्तर. खोडलेल्या शब्दाकडे बघत चहा प्यालो, साखर घालायची राहिली.

निघताना दाराशी विचारलं त्यांनी, "नाव कुठे येतं हो तुमच्याकडे? नोंदीच्या वर की खाली?"

खाली, उजवीकडे.

"आडनाव आधी?"

हो.

"बारीकच असेल ना टाइप?"

हो हो, बारीक. मला बस गाठायची होती. म्हाताऱ्या माणसांना बारीकसारीक चौकशा फार.

२७ जानेवारी

मावसभावाचा फोन येऊन गेला. उचलला नाही. कोणत्या क्रमात उचलायचा?

२८ जानेवारी

टिंबाबद्दल विचार करतोय. मी म्हणालो, माणूस प्राण्याखाली येतो — इथे ‘खाली’ म्हणजे ‘आत’. मोठ्या डब्यात लहान डबा. प्राध्यापकांनी ऐकलं ते ‘हाताखाली’. दोन निराळ्या गोष्टी, आणि छापल्यावर दोन्ही एकाच टिंबासारख्या दिसतात. वाचकाला मी काय सांगणार, माझ्या टिंबाचा अर्थ मला विचारून घ्या म्हणून?

हे त्यांना पटावं म्हणून लिहीत नाही. मला पटलं म्हणून लिहितो.

२९ जानेवारी

गेलो. विद्यापीठात त्यांची खोली म्हणजे पुस्तकांचं गोदाम. बसण्याजोगी खुर्ची एकच. ते म्हणाले बसा, मी म्हटलं आपण बसा. ते बसेनात, मी बसेना. सगळं बोलणं दोघांनी उभ्याने केलं, खुर्ची मध्ये रिकामी.

म्हटलं, टिंब काढलंय. माणसांचे समाज आता स्वतंत्र विभाग. आत असणं आणि हाताखाली असणं या दोन उतरंडी निराळ्या, असं पहिल्याच परिच्छेदात सांगितलंय. वाचून दाखवलं. डोळे मिटून ऐकलं त्यांनी. मग म्हणाले, "हे मला माझ्या टिपणात सुचलं नाही." बस्स. माझा नऊ दिवसांचा जाळ गेला.

"संमती देतो. पण मला सांगा, तुमच्या नावासाठी वेगळी संमती का लागते? आम्हाला तर कुणी विचारलं नाही."

आणि मी सांगितलं. नियम, पदवी, सगळं. बाहेरच्या माणसाला पहिल्यांदाच. सांगायला लागलो ते थांबता येईना.

ते लालबुंद. "त्या कोशात मी उतरंडीवर लिहितोय! मंडळावर इतकी वर्षं बसतोय! मला कुणी बोललं नाही."

म्हटलं, आपण विचारलं नाहीत.

मग पुढे येऊन माझा हात धरला, खुर्चीवरून वाकून. "मी बघतो. सहा तारखेला मी बघतोच."

येताना बस सोडून चालत आलो.

४ फेब्रुवारी

आज एक पोरकटपणा केला. जुळाऱ्याला म्हटलं, उगाच, नुसतं दिसायला कसं दिसतं ते... त्याने पुढचं विचारलंच नाही. नोंदीच्या शेवटी, उजव्या कडेला लावलं. आडनाव, स्वल्पविराम, आद्याक्षरं. पडद्यावर मुंगीएवढं.

"शोभतंय, मास्तर."

स्वल्पविरामानंतर जागा जास्त पडली होती. कमी करायला लावली.

"पुसू?"

पुस.

६ फेब्रुवारी

बाई बैठकीतून बाहेर आल्या त्या सरळ माझ्या टेबलाशी. माझ्या टेबलाशी त्या कधी येत नाहीत.

ठराव झाला. एकमताने. प्राध्यापकांनी मांडला, जवळजवळ भाषणच केलं म्हणे. पदवीवरून नाव छापणं अन्यायाचं आहे. ज्ञान कुणा एकाचं नसतं. म्हणून या खंडापासून कुठल्याच नोंदीखाली कुणाचंच नाव येणार नाही.

कुणाचंच.

"मी म्हटलं त्यांना, मास्तरांपुरती सवलत द्या," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "पण सवलतीचा विषय संपला आता. एक तर सगळी नावं गेली, नाहीतर जुना नियम जसाच्या तसा. मधलं कुणी ऐकून घेणार नाही."

दुपारी प्राध्यापकांचा फोन. काय आनंद आवाजात! "ऐकलंत ना? मुळावरच घाव घातला! तुमच्यामुळे झालं हे!"

आभार मानले. काय करणार? मनापासून केलंय त्यांनी.

७ फेब्रुवारी

लेक समजूत घालायला आली. "बाबा, आता सगळे सारखे ना? उलट छान झालं."

ओरडलो तिच्यावर. सारखं व्हायचं होतं कुणाला? मला त्या पाचांत बसायचं होतं! आता ते पाचच उरले नाहीत. शिडी चढून वर पोचावं आणि वरच्यांनी म्हणावं, आम्ही माडीच पाडली, या, अंगणात बसू!

हिने चेष्टासुद्धा केली नाही. पान वाढून समोर बसून राहिली.

८ फेब्रुवारी

कचेरीत गेलो नाही.

११ फेब्रुवारी

शेवटचं प्रूफ घेऊन आजींकडे. वाचायला त्यांना वेळ लागतो. भिंग धरून, ओळीखाली पट्टी सरकवत. मी फळ्याकडे बघत बसलो. दुधाचा हिशेब पुसला होता, सिद्धता होती.

शेवटच्या ओळीशी पोचल्या. भिंग उजव्या कडेला नेलं. तिथेच धरलं. मग पान उलटून मागे पाहिलं. पुन्हा पुढे.

"छपाईत राहिलंय का?"

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा सांगितलं — ठराव, नावं नाहीत, कुणाचीच नाहीत.

"अच्छा." भिंग पुसलं पदराने. "ठराव तर्काला धरून आहे. चांगला आहे."

मग म्हणाल्या, अगदी सहज, "मागच्या खंडांतल्या गणिताच्या नोंदी वाचल्या असतील ना तुम्ही?"

वाचल्यात म्हणजे! अर्ध्या पाठ आहेत. त्या काळच्या विभागप्रमुखांच्या. काय भाषा! मला गणित कळतं ते त्या नोंदींमुळे.

"मी लिहिल्या त्या. साहेबांचं नाव घालायची रीत होती विभागात. तेही म्हणायचे, पद्धतच आहे. या वेळी पहिल्यांदा मला स्वतःला विचारलं होतं." आणि हसून, "असू दे. बारीकच असतो टाइप."

चहा केला त्यांनी. मी साखर घातली, ढवळली, प्यायलो की नाही आठवत नाही.

त्यांच्याकडे पदवी आहे, माझ्याकडे नाही. माझ्याकडे राग आहे, त्यांच्याकडे नाही. कोण वर?

१२ फेब्रुवारी

दिवसभर एकच वाक्य लिहितोय आणि खोडतोय.

ही म्हणाली, "जेवा आधी." जेवलो. मग तिला वाचून दाखवलं. तिने दुसऱ्यांदा वाचायला लावलं. म्हणाली, "तुमचं नाव जाईल यात. परत कधी येणार नाही."

माहीत आहे म्हटलं.

"मग ‘विनंती’ एकदाच लिहा. दोनदा आलंय."

खरंच दोनदा आलं होतं!

१३ फेब्रुवारी

अर्ज दिला. सहा तारखेचा ठराव मागे घ्यावा, जुना नियम जसाच्या तसा ठेवावा, ‘उतरंड’ या नोंदीखाली पाचही लेखकांची नावं छापावीत.

बाईंनी दोनदा वाचला. "मास्तर, हा अर्ज तुमचाच आहे? नक्की?"

म्हटलं, खाली नाव बघा.